तरंगण्यापुरतं

ट्राउट हा मासा बोरिवलीत मिळत नाही, पवईच्या तलावात नाही आणि महाराष्ट्रातल्या एकाही नदीत नाही. त्याला थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या वर चढू लागलं की तो कासावीस होतो. तरीही गेली कित्येक वर्षं आमच्या घरखर्चाचा एक भाग या माशावर चालतो. बोरिवली पूर्वेला दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी माझं टेबल आहे. त्यावर गळ पकडून ठेवणारा एक लहान वाइस, दोन कात्र्या, बॉबिनमध्ये भरलेला बारीक धागा आणि डब्याडब्यांतून पिसं, फोमच्या पट्ट्या, तारा. इथे बसून मी फ्लाय बांधते. त्यातही जास्त मागणी असते ती पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायना, म्हणजे ड्राय फ्लायना.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी न लावता पिसं, धागा, केस यांपासून किड्यासारखं काहीतरी गळावरच बांधायचं, आणि लांब लवचिक रॉडने दोर फेकून ते माशापुढे न्यायचं, ही फ्लाय फिशिंगची रीत. ट्राउटचं बरंचसं अन्न म्हणजे पाण्यातले आणि पाण्यावर पडणारे किडे. मेफ्लाय, कॅडिस यांची पिल्लं दगडांखाली वाढतात, वाढ झाली की पंख उघडायला पृष्ठभागावर येतात आणि उडण्याआधी काही क्षण पाण्यावर वाहत जातात. त्या काही क्षणांची नक्कल म्हणजे ड्राय फ्लाय. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या फ्लायवर पुस्तक लिहिलं आणि तिथून या विद्येला शास्त्राचं रूप आलं. पण हॅलफर्डच्या नद्या दक्षिण इंग्लंडच्या, चुनखडीच्या प्रदेशातल्या, संथ आणि काचेसारख्या. आपल्याकडचा ट्राउट राहतो हिमालयातल्या दगडधोंड्यांत. हा फरक पुढे माझ्या कामात फार महत्त्वाचा ठरला.

या कामाआधी मी इमिटेशन ज्वेलरीचं काम करत होते. मालाड ही त्या धंद्याची मोठी पेठ, आणि पश्चिम उपनगरांतल्या असंख्य घरांतून बायका तिथला माल घरी आणून करतात. खडे चिकटवायचे, कड्या जोडायच्या, मणी ओवायचे. मजुरी ग्रोसवर, म्हणजे एकशे चव्वेचाळीस नगांवर. हातात चिमटा आणि डोळ्यांसमोर तांदळाएवढी वस्तू, यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्याच सवयीमुळे पुढचं काम आलं. मुलुंडला राहणारे एक निवृत्त काका नातेवाइकांच्या ओळखीने घरी आले. पवईला मासेमारी करत आयुष्य गेलेले, उन्हाळ्यात हिमाचलला जाणारे. हात कापायला लागला होता, त्यामुळे स्वतःच्या फ्लाय स्वतः बांधता येईनात. टेबलावर एक फ्लाय ठेवून ते म्हणाले, “ताई, ही सोडवा, बघा कशी बांधली आहे, आणि पुन्हा बांधा.” मी ती ब्लेडने धागा कापत उलगडली. शेपटीची पिसं, अंगाचा लोकर-धागा, मानेचं गुंडाळलेलं पीस, पंख. कानातल्या झुमक्यापेक्षा पुष्कळ कमी वस्तू होत्या, पण प्रत्येक वस्तू कुठे सुरू होते आणि कुठे संपते याला नियम होता. काकांनी तो नियम मला शिकवला.

शेपटी गळाच्या दांड्याएवढी. मानेच्या पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांतल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट. गळाच्या डोळ्यापाशी धाग्याचं डोकं करण्यापुरती जागा मोकळी. गळ पातळ तारेचा, कारण जाड तारेचा गळ फ्लायला बुडवतो. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान; ट्राउटच्या ड्राय फ्लायसाठी बारा, चौदा, सोळा हे नेहमीचे. या मापांत केसभर चूक झाली तरी फ्लाय पाण्यावर एका अंगावर कलंडते. डोक्याला शेवटी नेलपॉलिशचा थेंब. पंखा बंद. मे महिन्यातही बंद, कारण पिसं उडतात. नव्याने शिकायला येणाऱ्या मुली सर्वांत आधी याच गोष्टीला कंटाळतात.

मी पाण्याकडे वळले ती बादलीतून. बांधलेली फ्लाय बादलीत टाकून बघायची सवय मला पहिल्यापासून लागली. काही सुरेख तरंगायच्या, काही तासाभराने खाली जायच्या, काही टाकल्याबरोबर. असं का, हे समजून घेताना माझ्या लक्षात आलं की तरंगणं दोन तऱ्हांचं असतं. गळ पोलादाचा, पाण्यापेक्षा सात-आठ पट जड. कोंबड्याच्या पिसांची फ्लाय तरंगते ती हलकी असते म्हणून नव्हे. तिचे ताठ तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतात, आणि शाळेत शिकलेला तो पृष्ठताण त्यांना पेलतो. लांब पायांचे किडे डबक्यावर धावतात त्याच बळावर. दुसरी तऱ्हा बुचाची: वस्तू पाण्यात अर्धी बुडते, तेवढं पाणी बाजूला सारते आणि म्हणून वर राहते. फोमची फ्लाय अशी तरंगते. पहिल्या तऱ्हेला शांत पृष्ठभाग हवा. तो फाटला की पिसं पाण्याखाली जातात, ओली होतात, आणि मग कितीही निगुतीने बांधलेली असोत, वर येत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेला पृष्ठभाग फाटल्याने काही फरक पडत नाही. दाबून खाली नेली तरी ती उसळून वर येते.

हे एकदा कळल्यावर सामान निवडण्याचा माझा सगळा रोखच बदलला. धागेसुद्धा मी बादलीत टाकून पारखू लागले. पॉलिस्टर बुडतो. नायलॉन बुडतं, जरा सावकाश. पॉलिप्रोपिलिन मात्र पाण्यापेक्षा हलकं, ते वर राहतं. पुड्या बांधायची प्लास्टिकची सुतळी आणि मॅक्रमेचे काही दोरे याचेच असतात. ते उकलून, विंचरून, पांढऱ्या शुभ्र तंतूंचा झुपका केला की फ्लायचा पंख होतो, आणि दूर पाण्यावर तो डोळ्याला दिसतोही. फोम मिळतो स्टेशनरीच्या दुकानात, शाळेच्या हस्तकलेसाठी ठेवलेल्या रंगीत ईव्हीए शीटमध्ये. दोन मिलिमीटर जाडीची शीट बारा-चौदा नंबरच्या गळाला बरोबर. त्यातला प्रत्येक कप्पा बंद असतो, हवा आत कोंडलेली, म्हणून तो पाणी पीत नाही. भांडी घासायच्या स्पंजची फ्लाय करून बघा, ती तळाला जाईल.

फोम बांधणं सोपं दिसतं, पण नव्या हातांना तेच सर्वांत जड जातं. पट्टी कापायची ती गळाच्या तोंडाएवढ्या रुंदीची. त्याहून रुंद झाली तर तोंड भरून जातं आणि मासा आला तरी गळ लागत नाही. आधी उघड्या दांड्यावर धाग्याचं अस्तर घालायचं, नाहीतर फोम गोल फिरतो. मग इन्स्टंट ग्लूचा बारीक ठिपका. पट्टी ठेवल्यावर पहिले दोन वेढे सैल, फोमला नुसते जागेवर धरणारे, तिसरा घट्ट. पहिलाच वेढा आवळला तर बारीक धागा फोमला सुरीसारखा कापतो. आणि सगळेच वेढे जोरात आवळले तर आतली हवा दाबली जाते, फोम चपटा होतो आणि ज्या कामासाठी तो बांधला तेच काम तो करेनासा होतो. बोटांना कळतं किती आवळायचं ते. मी शिकवताना मुलींना डोळे मिटून वेढा घ्यायला लावते.

पिसं हा स्वतंत्र विषय आहे, आणि माझ्या आवडीचा. ड्राय फ्लायला लागतं कोंबड्याच्या मानेचं पीस. कोंबडीचं चालत नाही. कोंबडीच्या पिसाच्या मधोमध मऊ लव असते, ती पाणी शोषते. कोंबडा वयात आलेला हवा, तरच पिसाचे तंतू ताठ आणि चकचकीत होतात. आमच्या भागातल्या चिकनच्या दुकानात येतो तो ब्रॉयलर, जेमतेम दीड महिन्याचं पिल्लू, पांढरं आणि बिनकामाचं. म्हणून माझ्या माना येतात सफाळ्याहून, माहेरच्या माणसांकडून. जत्रेला, देवाला, पाहुण्यांना गावठी कोंबडा कापला की मान कातडीसकट काढून ठेवतात. तांबडा, सोनेरी, काळा, आणि सर्वांत मौल्यवान तो चित्रा, ज्याच्या पिसावर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात. कातडीला मीठ आणि बोरॅक्स चोळायचं, पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून वाळवायचं, रिठ्याच्या पाण्याने पिसं धुवायची. अमेरिकेत आज फ्लायच्या पिसांसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले कोंबडे असतात. त्यांचं एकेक पीस वीतभर लांब आणि शेवटपर्यंत एकसारखं. गावठी कोंबड्याचं पीस आखूड. एका फ्लायला दोन लावावी लागतात. पण हे कोंबडे येण्याआधी अनेक दशकं भारतातून गेलेल्या कोंबड्यांच्या मानाच इंग्लंड-अमेरिकेतल्या बांधणाऱ्यांच्या टेबलावर असत, आणि तिथे त्यांना ‘इंडियन नेक’ म्हणूनच ओळखत. सफाळ्याच्या कोंबड्याला मी कमी लेखत नाही.

मुंबईचा पावसाळा या मालाचा वैरी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गळांना गंज चढतो, कातडीला बुरशी धरते, आणि एक लहानसा केसाळ किडा पिसं मुळापासून कुरतडतो. नवीन मान आली की आधी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायची, मग डब्यात कापूर आणि डांबराच्या गोळ्या. गळांच्या डबीत औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. घरातल्यांना फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी कोंबड्याच्या माना बघायची सवय झाली आहे. आणि एखाद्या फ्लायची पिसं डबीत दाबून चेपली असतील तर चहाच्या वाफेवर धरायची; दहा-पंधरा सेकंदांत ती पुन्हा उभी राहतात. हे मासेमारांनीही लक्षात ठेवावं. चेपलेली फ्लाय फेकून देण्याची गरज नसते.

काकांनीच मला पवईला नेलं. १८९१ मध्ये शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हा तलाव, पण त्याचं पाणी फार काळ पिण्याजोगं राहिलं नाही. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासूनची, तिचा अड्डा याच तलावाकाठी. रोहू, कटला, मृगळ यांच्यामागे तासन्‌तास बसणारी माणसं तिथे भेटतात. महशीरही या तलावात सोडले गेले. लोणावळ्याला टाटांच्या धरणाकाठी महशीरची पैदास १९७० च्या दशकापासून होत आली आहे. जलपर्णीने वेढलेल्या, कडेला मगरी ऊन खात पडणाऱ्या त्या पाण्यात ड्राय फ्लाय टाकणारं जवळपास कुणी नाही, कारण रोहू-कटला काही वर येऊन किडे टिपत नाहीत. तरी सकाळच्या शांत वेळी, जलपर्णीच्या मोकळ्या खाचेत, काकांनी माझी पिसांची फ्लाय टाकली. ती इतकी हलकी उतरली की पाण्यावर वलय उठलं नाही. चार ताठ पाय टेकवून उभी राहिली. लहान मासे खालून येऊन तिला टोचू लागले. बादलीत मी तिला वरून पाहिलं होतं; इथे पहिल्यांदा ती पाण्यावर आडव्या नजरेने दिसली आणि प्रमाणं का पाळायची ते डोळ्यांनी कळलं.

पण पवईचं पाणी म्हणजे मोठी बादलीच. खरा प्रश्न काकांच्या तक्रारीतून येत होता. हिमाचलहून परत आले की ते म्हणायचे, “पिसांची फ्लाय दोन फेकींत बुडते. फोमची बुडत नाही, पण मासा येतो, बघतो आणि जातो.” गिऱ्हाइकं वाढली, चंदीगडहून, बंगळुरूहून फोन येऊ लागले, आणि तक्रार तीच. बोरिवलीत बसून मला तिचं उत्तर सापडेना.

फ्लाय बांधणाऱ्याने मासेमारी केलीच पाहिजे असं नाही. स्कॉटलंडमध्ये सदरलँडच्या किनाऱ्यावर एका लहानशा घरात मेगन बॉइड (१९१५–२००१) यांनी जन्मभर सॅमनच्या फ्लाय बांधल्या. जगभरातून मागणी होती, राजघराण्यातली गिऱ्हाइकं होती, ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, आणि त्यांनी स्वतः मासे धरले नाहीत. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. बाईमाणसाने एका टेबलाशी बसून एवढं नाव मिळवलं. पण सॅमनची फ्लाय पाण्याखाली पोहते. ती भडक असते, ती किड्याची नक्कल नसते. ड्राय फ्लायचं सगळं कसब पृष्ठभागावर, हवा आणि पाणी मिळतात त्या रेघेवर आहे. ती रेघ बघायला मी हिमाचलातल्या तीर्थनला गेले.

चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे मनालीच्या रस्त्याने औट, तिथून बंजार आणि गुशैणी. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीतून उतरते. त्या उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ट्राउट मात्र तिथला मूळचा नाही. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये रुजलेल्या ब्राउन ट्राउटची अंडी १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात आणून महिली इथे उबवली गेली, आणि पुढे तो बियास व तिच्या उपनद्यांत पसरला. दक्षिणेत निलगिरीत त्याच सुमारास एच. सी. विल्सन यांनी ॲव्हलांच इथे रेनबो ट्राउट रुजवला. साहेबांनी आपल्या हौसेसाठी आणलेला हा परका मासा. तीर्थनच्या मूळ माशांना त्याचा त्रास झाला असणार, हे मनात येतं. पण आज त्याच्याच जोरावर या खोऱ्यातली माणसं पाहुणे ठेवतात, वाटाडे होतात आणि नदी स्वच्छ राखतात. धरणांचे प्रकल्पही इथल्या लोकांनी नदीवर येऊ दिले नाहीत.

मत्स्य विभागाचं लायसन्स काढून आम्ही नदीवर गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. पावसाचं गढूळ पाणी निवळलेलं, काठच्या गवतात नाकतोडे. घराएवढ्या दगडांमधून पाणी एका खळग्यातून दुसऱ्यात पडत होतं. पांढरं, फेसाळ, आणि दोन दगडांच्या आडोशाला अचानक सतरंजीएवढा शांत तुकडा. वाटाड्या मुलाने मला लांब दोर टाकू दिलाच नाही. “दीदी, पास जाओ, नीचे से जाओ.” मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मागून, खालच्या बाजूने जायचं. रॉड उंच धरून दोर पाण्याला लागू द्यायचाच नाही. दोर प्रवाहात पडला की तो फ्लायला ओढतो, आणि ओढलेली फ्लाय पाण्यावर रेघ मारत जाते. कुठलाही किडा तसा जात नाही. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण फ्लाय पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे.

पिसांची फ्लाय पहिल्या पांढऱ्या पट्ट्यातच दिसेनाशी झाली. पृष्ठभागच नव्हता तर पेलणार कोण? फोमची फ्लाय मात्र फेसातून टुणकन वर आली, पुन्हा बुडाली, पुन्हा वर. तिथे ट्राउट विचार करत नाही. अन्न झपाट्याने डोक्यावरून जातं, त्याला एक क्षण मिळतो. त्या पट्ट्यात फोमवर मासे आले.

मग वाटाड्याने मला एका संथ डोहाच्या शेवटाकडे नेलं आणि गुडघ्यांवर बसवलं. तिथे जे पाहिलं ते मी या कामातलं सर्वांत मोलाचं शिक्षण मानते. तीच फोमची फ्लाय डोहावर उतरली. ती उंच बसली होती, जवळजवळ सगळीच पाण्याबाहेर. तळाच्या पिवळट वाळूवरून एक सावली वर सरकली. मासा फ्लायच्या बरोबर खाली आला आणि तिच्यासोबत मागे मागे वाहू लागला, नाकाच्या आणि फ्लायच्या मध्ये चार बोटांचं अंतर. हातभर तो तसाच आला. मग शेपटीचा एक झटका, आणि वाळूवर परत.

कारण समजून घ्यायला माशाच्या जागी जावं लागतं. पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं जग सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. तिच्याभोवती सगळा आरसा, ज्यात तळाचं प्रतिबिंब असतं. किडा दुरून वाहत येताना आधी त्या आरशात दिसतो. दिसतं ते त्याचं अंग नव्हे, त्याचे पाय जिथे पाणी दाबतात तिथले उजेडाचे ठिपके. अंगाचा जेवढा भाग पृष्ठभागाखाली असेल तेवढाच आरशात दिसतो. उंच बसलेल्या फोमचा पालथा चपटा डाग दिसतो, पाय दिसत नाहीत. अर्धवट बुडालेला, कातीतून सुटायला धडपडणारा किडा माशाला पटतो, कारण असाच किडा उडून जाऊ शकत नाही.

मी काठावर बसून कात्री काढली. जाड फोमची पाठ उलट्या बाजूने कापून निम्मी पातळ केली. मानेला दोन पिसं होती, त्यांचे खालचे तंतू गळाच्या पातळीला सपाट छाटले, म्हणजे फ्लाय पायांवर उभी न राहता पोटावर टेकेल. सुतळीचा पांढरा पंख तसाच ठेवला, माझ्या डोळ्यांसाठी. रॉड वाटाड्याच्या हातात दिला आणि मी फक्त बघत राहिले. फ्लाय उतरली, पोटापर्यंत पाण्यात बसली, पंख तेवढा वर. सावली पुन्हा उठली, तशीच मागे वाहू लागली, आणि मग पाण्यावर नाकाचा शेंडा आला. घाई नाही, उडी नाही. फ्लाय होती तिथे वलय. रॉड वाकला. ब्राउन ट्राउट, माझ्या पंजापासून कोपरापर्यंत भरेल एवढा, अंगावर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. हात ओले करून, पाण्यातच धरून, गळ काढून त्याला सोडलं. काट्याची उलटी धार मी पक्कडीने आधीच दाबून टाकलेली असते, त्यामुळे गळ सहज निघतो.

तेव्हापासून मी एकच फ्लाय सगळ्यांना विकत नाही. फोन आला की विचारते, नदी कुठली, महिना कुठला, पाणी पांढरं की निळं. कोसळत्या पाण्याला जाड फोम, दोन पिसं, मोठा पंख. डोहाच्या शेपटाला पातळ फोम, खालून छाटलेलं पीस. संध्याकाळच्या काचेसारख्या पाण्याला फोम नकोच. तिथे हॅलफर्डचीच विद्या बरोबर, निव्वळ पिसं, सोळा नंबरचा गळ, आणि वर फ्युम्ड सिलिकाची चिमूटभर पावडर. अमेरिकेत फोमच्या अशा प्रचंड फ्लाय निघाल्या आहेत की काही केल्या बुडणार नाहीत, आणि आपल्याकडे काही जण त्याच मागतात. मी देते, पण सांगतेही की बुडत नाही एवढा एक गुण फ्लायला पुरत नाही. पाण्याला लागेल तेवढंच तरंगणं तिच्या अंगात हवं. हे मी काकांना तीर्थनहून आल्यावर कातरलेली फ्लाय दाखवून सांगितलं, तेव्हा ते भिंगातून ती बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आता माझ्या सगळ्या अशाच छाटून द्या.”

एक गोष्ट मी करत नाही आणि ती इथे स्पष्ट लिहिते. परदेशातल्या कित्येक नामांकित ड्राय फ्लाय हरणाच्या किंवा एल्कच्या केसांच्या असतात. अमेरिकेतल्या अल ट्रॉथ यांची १९५७ मधली एल्क हेअर कॅडिस त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. त्या केसांत हवेचे असंख्य कप्पे असतात, म्हणून ते उत्तम तरंगतात. आपल्याकडे चितळ, सांबर यांचं कातडं किंवा केस बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रानकोंबड्याच्या मानेवरची मेणासारखे ठिपके असलेली पिसं सॅमन फ्लायसाठी एके काळी भारतातून जगभर गेली, आणि त्यापायी सह्याद्रीच्या रानातले किती रानकोंबडे मारले गेले असतील याचा विचार केला तरी वाईट वाटतं. माझ्या खिडकीतून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची झाडी दिसते. त्या रानातल्या जनावराचा एकही केस माझ्या टेबलावर यायचा नाही. गावठी कोंबडा, सुतळी आणि शाळेचा फोम यांतून तरंगती फ्लाय होते, चांगली होते, आणि मासा ती घेतो, हे मी पाहिलं आहे.

म्हणून फ्लाय विकत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. केस कुठल्या जनावराचे, पीस कुठल्या पक्ष्याचं, हे विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर घेऊच नका. काट्याची उलटी धार दाबून टाका. लायसन्स काढा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ. त्या महिन्यांत नदीवर जाऊ नका. तेव्हा घरी बसून फ्लाय बांधायला शिका. शिकायचं असेल तर बोरिवलीला या.